जुनं बुलेटप्रूफ जॅकेट विकत घ्यावं का? (नवरा एटीएम व्हॅनवर आहे)

मीनल_भांडुप

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, विभाग चुकला असेल तर हलवा.

माझा नवरा एटीएममध्ये कॅश भरणाऱ्या व्हॅनवर कस्टोडियन आहे. रूट मुलुंड-ठाणे, कधी वाशीपर्यंत. व्हॅनमध्ये ड्रायव्हर, दोन गनमन आणि हे दोघे कस्टोडियन. गनमनना जॅकेट मिळालीत, कस्टोडियनना नाहीत. नोटांच्या कॅसेट उचलून व्हॅनपासून मशीनपर्यंत चालत जातात ते मात्र हेच दोघं. गेल्या महिन्यात त्यांच्यातल्याच एका व्हॅनवर दोघांनी मिरचीपूड फेकून चॉपर काढला. जिवावर बेतलं नाही, पण एका पोराच्या दंडाला अकरा टाके पडले. तेव्हापासून हा घरी येईपर्यंत मला चैन पडत नाही.

नवीन जॅकेटची चौकशी केली, आकडा ऐकून गप्प बसले. मग ओळखीतून कुर्ल्याच्या एका भंगारवाल्याचा नंबर मिळाला. त्याच्याकडे वापरलेलं जॅकेट आहे, ६,५०० सांगतोय. म्हणतो, "मिलिटरीचा माल आहे ताई, याला काही होत नाही."

दोनच प्रश्न. इतकं जुनं जॅकेट खरंच जीव वाचवतं का? आणि साध्या माणसाने घातलं तर पोलीस धरतात का?

परळकर

तै, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मलाही हवंय. पहिल्याचं उत्तर भंगारवाल्याकडून घेऊ नका एवढंच कळतं.

धागादोरा

मी कापड-तंत्रज्ञ, बरीच वर्षं तांत्रिक कापडावर काम केलंय. जरा सविस्तर लिहितो.

पिस्तुलाच्या गोळीसाठीचं मऊ जॅकेट म्हणजे अ‍ॅरामिड धाग्याच्या कापडाचे एकावर एक थर. केव्हलार हे त्यातलं माहितीतलं नाव. ड्युपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये तो धागा शोधला. गोळी थरांवर आदळते, चपटी होते, आणि तिचा जोर धाग्या-धाग्यांतून आजूबाजूला पसरतो. म्हणजे सगळा खेळ धाग्याच्या ताकदीवर.

या धाग्याला दोन गोष्टींचं वावडं आहे, ऊन आणि ओल. उन्हातल्या अतिनील किरणांनी तो कमजोर होतो, त्याचा सोनेरी पिवळा रंग तपकिरी व्हायला लागतो. ओल शिरली की धागे एकमेकांवरून घसरतात, आणि गोळीला धरून ठेवायचं तेच धागे तिला वाट देतात. म्हणून कापडाचे थर एका बंद, काळसर पिशवीत सील केलेले असतात. त्याला पॅनल म्हणतात. वरचं जॅकेट हे नुसतं कव्हर. मुंबईचा पाऊस आणि इथला घाम बघता ती पिशवी एका ठिकाणी जरी फाटली तरी पॅनल बाद समजा.

मऊ पॅनलची हमी बहुतेक कंपन्या पाच वर्षांची देतात.

एक गोष्ट सांगायलाच हवी. झायलॉन नावाचा धागा एकेकाळी केव्हलारपेक्षा सरस म्हणून जॅकेटांत वापरला गेला. २००३ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या फॉरेस्ट हिल्स इथे एका पोलिसाला गोळी लागली आणि ती झायलॉनच्या पॅनलमधून आरपार गेली. तो वाचला. मग तिथल्या एनआयजे या सरकारी संस्थेने वापरलेली झायलॉन जॅकेटं गोळा करून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. २००५ मध्ये निकाल आला, निम्म्याहून जास्त जॅकेटं भेदली गेली होती. उष्णता आणि ओल यांनी धागा आतून झिजला होता. बाहेरून बघून ते कोणालाच कळलं नसतं. त्यानंतर झायलॉनच्या जॅकेटांचं प्रमाणपत्र काढून घेतलं गेलं, पण म्हणून ती जॅकेटं जगातून नाहीशी थोडीच झाली? जुन्या बाजारात आजही हातात येऊ शकतात.

पवनपुत्र_७८

धागादोरा, माहिती उत्तम, पण ताईंना इतकं घाबरवू नका. त्याच एनआयजेचं म्हणणं आहे की नुसत्या वयाने जॅकेट खराब होत नाही, निगा कशी राखली त्यावर असतं. कपाटात नीट सपाट ठेवलेलं दहा-बारा वर्षांचं केव्हलार चाचणीत पास झाल्याची उदाहरणं आहेत. पाच वर्षं म्हणजे कंपनीची हमी. सहाव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी काय धागा तुटत नाही. अंगावर काहीच नसण्यापेक्षा जुनं जॅकेट बरं, असं माझं स्पष्ट मत.

धागादोरा

@पवनपुत्र_७८, तुमचं वाक्य बरोबर आहे, पण तेच ताईंच्या विरोधात जातं. वय मारत नाही, हेळसांड मारते. आणि भंगारातल्या जॅकेटची निगा कोणी राखली, कशी राखली, हे सांगणारा माणूसच समोर नसतो. कपाटात होतं की जीपच्या मागच्या सीटवर आठ उन्हाळे? धुताना पॅनल काढलं होतं की अख्खं बादलीत बुडवलं? ब्लीच घातलं? इस्त्री फिरवली? यातलं एकही पुरेसं आहे.

"काहीच नसण्यापेक्षा बरं" हे रेनकोटबद्दल ठीक. जॅकेट अंगावर आलं की माणूस दोन पावलं पुढे जातो, ती दोन पावलं त्या कापडाच्या भरवशावर असतात.

सायली_सिस्टर

मी परळला एका मोठ्या हॉस्पिटलात कॅज्युअल्टीत आहे. मूळ धाग्यात चॉपर आहे आणि सगळे गोळीबद्दल बोलताहेत, म्हणून लिहिते. मीनलताई, गोळीचं जॅकेट चाकूला थांबवेलच असं नाही. माझ्यासमोर एका खाजगी बॉडीगार्डला आणलं होतं, जॅकेट अंगात होतं, पातं बरगडीखाली शिरलं होतं. डॉक्टर, भाऊ, दोघं-तिघं विचारत होते की हे कसं काय?

धागादोरा

सिस्टर, फार महत्त्वाचं लिहिलंत, हे मी आधीच लिहायला हवं होतं. बोथट गोळी धाग्यांवर आपटते, पण चाकूचं टोक दोन धाग्यांमधून जागा करतं आणि धार त्यांना कापत जाते. टोच्या, बर्फ फोडायचा सुळा, यांना तर आणखी सोपं. म्हणून चाकूसाठीची चाचणी वेगळी असते आणि जॅकेटही वेगळं, घट्ट विणीचं किंवा आत पातळ पत्रे वा जाळी असलेलं. दोन्ही अडवणारीही मिळतात. पॅनलच्या लेबलवर ते स्पष्ट लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर चाकू अडत नाही असंच धरून चाला.

मीनल_भांडुप

हे मला अजिबात माहीत नव्हतं. म्हणजे मी ६,५०० देऊन नेमकी ज्याची भीती आहे तेच न अडवणारी वस्तू आणली असती. सिस्टर, मनापासून आभार.

अ‍ॅड_किल्लाकोर्ट

आता कायदा. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये अंगात जॅकेट घालायला परवाना घ्यावा असं कलम नाही. परवाना लागतो तो शस्त्रांना आणि दारूगोळ्याला. त्यामुळे नुसतं जॅकेट घातलं म्हणून गुन्हा होत नाही.

अडचण येते ती जॅकेट आलं कुठून यावर. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम १२४ सगळ्यांनी लक्षात ठेवावं. चोरीचा किंवा लबाडीने मिळवलेला असावा असं वाटण्यासारखा माल तुमच्याकडे सापडला आणि तुम्हाला तो कसा आला याचा समाधानकारक खुलासा करता आला नाही, तर शिक्षा होऊ शकते. जुन्या बाजारातल्या किती गरीब माणसांवर हे कलम लागताना मी पाहिलंय. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ चोरीच्या मालाचं आहे, चोरीचा आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला कारण असून अप्रामाणिकपणे घेतला तर ते लागतं. सरकारी जॅकेट बिलाशिवाय, अर्ध्याहून कमी किमतीत, भंगारवाल्याकडून घेतलं, तर "मला काही माहीत नव्हतं" हे कोर्टात पटवणं जड जातं.

दुसरं, जॅकेटवर "पोलीस" लिहिलेलं असेल किंवा ते लष्करी नक्षीचं असेल तर हात लावू नका. आपण पोलीस किंवा सैनिक आहोत असं भासवण्यासाठी तसा वेश घालणं हा वेगळा गुन्हा आहे, संहितेची कलमं २०५ आणि १६८. तुमच्या मिस्टरांचा तसा हेतू नसेल, पण नाक्यावर रात्री हेतू समजावत बसावं लागेल.

गिरगावचा_बाळू

वकीलसाहेब, एक शंका. शस्त्र कायद्यातल्या व्याख्येत "हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी" असे शब्द आहेत ना? मग जॅकेट बचावाचंच की.

अ‍ॅड_किल्लाकोर्ट

शंका रास्त आहे, बाररूममध्ये तरुण वकीलही विचारतात. व्याख्या अशी आहे की हल्ल्यासाठी वा बचावासाठी *शस्त्र म्हणून* घडवलेल्या वस्तू. जॅकेटने कोणाला मारता येत नाही, ते शस्त्र नाही. लाठी आणि साधी काठीसुद्धा घरगुती वा शेतीच्या वापराची म्हणून त्याच व्याख्येतून वगळली आहे.

अवांतर: परदेशात सरसकट असं नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये असं जॅकेट परवानगीशिवाय बाळगता येत नाही, अमेरिकेत हिंसक गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला बंदी आहे. कोणी तिकडच्या नातेवाइकाकडून मागवणार असेल तर आधी तिथला कायदा बघा.

खाकीतला_काका

निवृत्त पोलीस. नायगावला काही वर्षं शस्त्रागाराशी संबंध होता. आमच्याकडे बीपी जॅकेट म्हणतात. प्रत्येकाला नंबर असतो, नोंदवहीत कोणाला दिलं, कधी परत आलं हे असतं. बाद झालं तरी नोंद राहते. त्यामुळे "पोलिसांचं जुनं जॅकेट" बाजारात दिसलं की माझ्या मनात पहिला प्रश्न तोच, नोंदवहीतून बाहेर कसं पडलं?

परळकर

काका, जॅकेटचा विषय निघाला की मला करकरेसाहेब आठवतात. टीव्हीवर हेल्मेट आणि जॅकेट चढवताना पाहिलं होतं त्यांना, सीएसटीला. मी त्या रात्री भायखळ्याला अडकलो होतो. नंतर त्यांचं ते जॅकेटच गायब झालं, कविताताईंना माहितीच्या अधिकारात विचारावं लागलं. बाईंनी नवरा गमावला होता आणि वर हे. आजही राग येतो.

खाकीतला_काका

त्या दिवसाबद्दल फार लिहवत नाही. फक्त एवढं की समोर एके-४७ होती. पिस्तुलाच्या पातळीचं जॅकेट रायफलच्या गोळीला अडवत नाही, त्यासाठी आत कडक प्लेट लागते. आणि जॅकेट कितीही चांगलं असलं तरी मान, खांदा, काख, मांडी उघडीच राहते. ओंबळ्यांच्या अंगावर काय होतं? हातात लाठी होती. त्यांनी कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली. मी त्यांना ओळखत होतो. पुढे लिहीत नाही.

परळकर

🙏

सेटवरची_बाय

मी गोरेगावला शूटिंगच्या कपडेपटात काम करते. मीनल, कुर्ल्याला किंवा चोर बाजारात जे "मिलिटरीचं" म्हणून लटकवलेलं असतं, त्यातलं बरंचसं आमचंच असतं ग. सिरियल संपली की मालाचा ढीग उचलला जातो. आत काय असतं सांगू? योगा मॅटचा फोम, दोन थर, कडेला काळी चिकटपट्टी. वजन यावं म्हणून कधी प्लायवूड घालतो. बाहेरून वेल्क्रो, पट्टे, नाव, सगळं झकास. कॅमेऱ्याला फसवतं ते, तर तुला का नाही फसवणार? जाशील तेव्हा चेन उघडून आतलं बाहेर काढून बघ. देत नसेल काढायला, तर उठून ये.

दर्यासारंग

मर्चंट नेव्हीत सेकंड ऑफिसर होतो. तिसरा उगम मी सांगतो, जहाजं. एडनच्या आखातात सोमाली चाच्यांचा धुमाकूळ होता तेव्हा ब्रिजवरच्या लोकांसाठी केव्हलार जॅकेट आणि हेल्मेट ठेवा, असा सल्ला जहाजांना मिळालेला होता. शक्यतो लष्करी रंगाची नकोत, म्हणजे लांबून कोणाला सैनिक वाटायला नको, हेही त्यात होतं. आमच्या बोटीवर निळी होती. जहाज मोडायला दारूखान्याला गेलं की दोरखंडापासून भांड्यापर्यंत सगळं विकलं जातं, तशी जॅकेटंही.

ती खरी असतात, फोम नसतो. पण ती राहिलीत कुठे? ब्रिजच्या लॉकरमध्ये, खाऱ्या हवेत, वर्षानुवर्षं. एकदा ड्रिलच्या वेळी एका कॅडेटच्या हातून प्लेट निसटून लोखंडी डेकवर कोपऱ्यावर पडली. वर एक ओरखडा, बस. कॅप्टनने कानाजवळ धरून बोटाच्या पेराने ठोकली. बाकीच्या प्लेटा खणखणत होत्या, ही भद्द वाजली. आतली सिरॅमिक तडकली होती. त्यांनी त्यावर लाल रंगाने फुली मारून ठेवली. ती फुली पुढे कोणी पुसली असेल तर विकत घेणाऱ्याला काय कळणार?

धागादोरा

दर्यासारंग, नेमकं. सिरॅमिक प्लेट गोळीचं टोक फोडते आणि मागचा थर तुकडे धरून ठेवतो. आत तडा असेल तर त्या जागी दम राहत नाही. ठोकून बघणं ही फक्त ढोबळ पारख, तडा नीट बघायचा तर एक्स-रे लागतो. पॉलिइथिलीनच्या हलक्या प्लेटा येतात त्यांना उष्णता चालत नाही, मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत टाकून ठेवू नयेत.

अवांतर, पण मुंबईकरांना अभिमान वाटावा असं: आपल्या ट्रॉम्बेच्या बीएआरसीने बोरॉन कार्बाइड वापरून भाभा कवच तयार केलंय. आणि भारताचं स्वतःचं मानक आहे, आयएस १७०५१, २०१८ सालचं, सहा पातळ्यांचं. नवीन घेताना बिलावर हा आकडा आणि पातळी दोन्ही लिहून मागा.

पवनपुत्र_७८

ठीक, माझं मत थोडं बदलतो. पण मग एक गोळी झाडून बघितली तर? कोणाकडे परवान्याचं पिस्तूल असेल तर...

खाकीतला_काका

अजिबात नको. परवाना स्वसंरक्षणाचा असतो, कोणाच्या गच्चीत चाचणी करायचा नसतो. आणि गोळी खाल्लेलं पॅनल त्यानंतर वापरायचं नसतं. म्हणजे पास झालं तरी फेकायचंच.

धागादोरा

शिवाय गोळी अडली म्हणजे माणूस वाचला असंही नाही. चाचणीत पॅनलमागे माती ठेवतात, अमेरिकी मानकात तिच्यात पडणारा खड्डा ४४ मिलिमीटरपेक्षा खोल चालत नाही. मागे तुमची बरगडी असते. हे गच्चीत मोजणार कसं?

मीनल_भांडुप

आज सुट्टी होती, जाऊन आले. सोबत भावाला नेलं. तुम्ही सगळ्यांनी सांगितलेलं डोक्यात होतं म्हणून लिहून ठेवते.

जॅकेट खाकीसर हिरवं. चेन उघडून पॅनल बाहेर काढलं, तो आधी नको म्हणत होता. फोम नव्हता, बाई, तुझं ऐकून आधी तेच दाबून बघितलं. काळी पिशवी होती, पण खालच्या कडेला वितभर उसवलेली आणि वर सेलोटेप. टेप उचलल्यावर आतलं कापड दिसलं. वरचा भाग पिवळा, कडेला चहाच्या डागासारखं तपकिरी. आंबट घामाचा आणि डांबरगोळ्यांचा वास. लेबल होतं, पण तारखेची आणि पातळीची ओळ घासून गेलेली, फक्त "ही बाजू अंगाकडे" एवढं वाचता आलं. आणि आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने काहीतरी नंबर लिहिलेला होता, त्यावर काळा स्प्रे. उन्हात तिरकं धरलं की आकडे दिसत होते.

बिल मागितलं तर म्हणाला, "बिल कसलं, ५,००० द्या." आम्ही निघालो. मागून ४,००० पर्यंत आला.

अ‍ॅड_किल्लाकोर्ट

ताई, कलम १२४ जसंच्या तसं. उत्तम केलंत.

खाकीतला_काका

नंबरवर स्प्रे मारलाय म्हणजे मारणाऱ्याला सगळं माहीत आहे. पोरी, तिथे परत जाऊ नकोस. जवळच्या ठाण्यात ओळखीचं कोणी असेल तर कानावर घाल, नसेल तर मला निरोप पाठव, मी बघतो.

नाईट_ड्युटी_संजय

धागा आत्ता वाचला. मी पाच वर्षं कॅश व्हॅनवर सुपरवायझर होतो, म्हणून मूळ मुद्द्यावर येतो. वहिनी, हा खर्च तुम्ही का करताय? कॅश वाहतुकीसाठी केंद्राने २०१८ मध्ये नियम काढलेत. एका व्हॅनवर ड्रायव्हर, दोन सशस्त्र गार्ड, दोन कस्टोडियन. शहरात रात्री नऊनंतर एटीएममध्ये कॅश भरायची नाही. एका खेपेत पाच कोटींपेक्षा जास्त न्यायचे नाहीत. जिथे इतकं मोजून-मापून ठरवलंय तिथे कॅसेट उचलणाऱ्याच्या अंगावर काय आहे हे कोणी विचारायलाच नको का?

तोंडी बोलून काही होत नाही, मी करून पाहिलंय. लेखी द्या, सगळ्या कस्टोडियननी मिळून, आणि अर्जात चॉपरच्या प्रसंगाची तारीख टाका. पोच घ्या. आणि नवऱ्याला विचारा, नऊनंतर लोडिंग होतं का? बारा बोअरवाला गनमन कॅसेट नेताना बाजूला चालतो की व्हॅनमध्ये मोबाइल बघतो? माझ्या रूटवर हेच जास्त घातक होतं.

मीनल_भांडुप

विचारलं. नऊनंतर होतं. आठवड्यातून दोनदा तरी. गनमनबद्दल विचारलं तर गप्प बसला, म्हणजे काय ते समजले.

सायली_सिस्टर

मीनलताई, एक अजून. हातापायावरच्या वारानेही खूप रक्त जातं आणि जॅकेट तिथे नसतंच. दोघा कस्टोडियनच्या खिशात स्वच्छ जाड कापडाची घडी आणि रुंद पट्टी असू द्या. जखमेवर घडी ठेवून दोन्ही हातांनी जोरात दाबून धरायचं, सारखं उचलून बघायचं नाही. पातं आत रुतलं असेल तर उपसायचं नाही. तुमच्या घरी सराव करून घ्या, मी फोनवर समजावते हवं तर.

मीनल_भांडुप

बारा दिवसांनी लिहितेय. सात कस्टोडियननी सह्या करून अर्ज दिला. आधी साहेब म्हणाले बजेट नाही. मग त्यातल्या ज्या पोराला टाके पडले होते त्याने शर्टाची बाही वर केली आणि तसाच उभा राहिला. परवा कळवलंय की पाच जॅकेट मागवताहेत, गोळी आणि चाकू दोन्हीची, बिलावर मानक लिहून. सात माणसं, पाच जॅकेट. बाकी दोन पुढच्या तिमाहीत म्हणे. नऊनंतरचं लोडिंग या आठवड्यात तरी झालेलं नाही. सोमवारी मापं घ्यायला बोलावलंय.

नाईट_ड्युटी_संजय

वहिनी, छान. दोन जॅकेटांसाठी आत्ताच दुसरा अर्ज टाका, तिमाहीची वाट बघू नका. आणि माप बसून घ्यायला सांगा. उभ्याने घेतलेलं लांब जॅकेट व्हॅनमध्ये बसलं की खालून वर सरकतं आणि गळ्याशी येतं, मग पोरं वैतागून वेल्क्रो सोडून बसतात. बसल्यावर खालची कड पट्ट्याच्या दोन-तीन बोटं वर राहिली पाहिजे.

मीनल_भांडुप

सांगते त्याला. उंची पाच फूट तीन आहे आणि यादीत सगळी लार्जच लिहिलीत, ते आधी बदलून घ्यायला लागेल.